राजाची विस्मृती आणि वाचकांचा न्याय

स्मृती गमावलेला नायक आणि त्याच्या आठवणीची वाट पाहणारी नायिका ही जोडी कादंबरीवाचकांच्या फार परिचयाची आहे. वाचनालयातील जी पुस्तके हाताळून हाताळून खिळखिळी झालेली असतात, त्यांत या जोडीची एखादी तरी कथा सापडतेच. जेम्स हिल्टन या इंग्रज लेखकाची ‘रँडम हार्वेस्ट’ ही १९४१ सालची कादंबरी या प्रकारात फार गाजली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला एक सैनिक आपले पूर्वायुष्य विसरतो. त्या विस्मृतीच्या काळात एका स्त्रीशी त्याचा विवाह होतो. पुढे एका अपघातात जुनी ओळख परत येते, आणि विवाहाची आठवण मात्र पुसली जाते. तो सधन घराण्यातला. मोठा कारखानदार होतो. जिला तो विसरला तीच स्त्री त्याच्या कचेरीत चिटणीस म्हणून काम करू लागते, आणि तो तिला ओळखत नाही. लेखकाने ही गोष्ट वाचकालाही अगदी अखेरीपर्यंत कळू दिलेली नाही. १९४२ मध्ये हिच्यावर बोलपटही निघाला.

अशी कथा वाचून संपली की वाचकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘बिचारा, त्याचा काय दोष? आठवणच गेली.’ दुसरा म्हणतो, ‘आठवण त्याची गेली, पण आयुष्य तिचे गेले, त्याचा हिशेब कोणी द्यायचा?’ हा वाद आजचा नाही. आपल्या देशात तो दोन हजार वर्षांच्या आसपास चालू आहे आणि त्यातील आरोपी आहे राजा दुष्यंत. त्याच्या विसरण्याविषयी निरनिराळ्या काळच्या वाचकांनी काय मत दिले आणि का दिले, याचा थोडा इतिहास आज आपणांपुढे मांडावा असे आम्ही योजले आहे.

आरंभीच सांगितलेले बरे की, आम्ही संस्कृतचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पाठीवर पोते घेण्याचे दिवस संपल्यावर हमालांच्या संघटनेचे काम आले आणि त्या कामातच वाचनाची सवय लागली. ‘शाकुंतल’ आम्ही मराठी भाषांतरातून वाचले. जेथे अडलो तेथे एका निवृत्त गुरुजींना विचारले. तेव्हा विद्वानांच्या अधिकाराने आम्ही बोलत नाही. वाचक म्हणून जो अधिकार प्रत्येकाला असतो, तेवढाच आमचा आहे.

ही कथा कालिदासाने रचलेली नाही. ती महाभारताच्या आदिपर्वात आहे, आणि तेथे तिचे स्वरूप फार वेगळे आहे. तेथे शाप नाही, अंगठी नाही, विस्मृतीही नाही. कण्व आश्रमात नसताना दुष्यंत येतो आणि गांधर्वविवाहाची गोष्ट काढतो. तेथील शकुंतला लाजून खाली पाहणारी नव्हे. ती आधी अट घालते की, माझ्या पोटी जो मुलगा होईल तोच तुझ्यामागे गादीवर बसला पाहिजे. राजा कबूल करतो, तुला नेण्यास सैन्य पाठवतो असे सांगतो, आणि जातो. सैन्य येत नाही. मुलगा मोठा होतो, वाघसिंहांना दोरीने बांधण्याइतका. मग शकुंतला स्वतः त्याला घेऊन दरबारात जाते. महाभारतकार येथे स्पष्ट सांगतो की, राजाला सारे आठवत होते. आठवत असूनच तो ‘आठवत नाही’ म्हणाला. शकुंतला रडत बसत नाही. पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, यावर ती राजाला भर सभेत सुनावते आणि निघून जाऊ लागते. इतक्यात आकाशवाणी होते. तेव्हा राजा दरबाऱ्यांना म्हणतो, मला ठाऊकच होते. पण नुसत्या हिच्या शब्दावर मी मुलगा स्वीकारला असता तर लोकांनी शंका घेतली असती.

पाली वाङ्मयातील कट्ठहारि जातकही याच घराण्यातले. ‘कट्ठहारि’ म्हणजे सरपण वेचणारी. वाराणसीच्या राजाला वनात लाकडे गोळा करणारी, गाणे म्हणणारी एक बाई भेटते. तिला दिवस राहतात तेव्हा तो अंगठी देतो. मुलगी झाली तर ही अंगठी तिच्या पालनपोषणाला खर्च कर, मुलगा झाला तर अंगठीसह घेऊन ये, असे सांगतो. मुलगा होतो. बरोबरची पोरे त्याला बिनबापाचा म्हणून हिणवतात. आई त्याला घेऊन राजसभेत जाते. राजा तिला ओळखतो, पण सभेची लाज वाटून ओळख देत नाही. ती अंगठी पुढे करते. राजा म्हणतो, अंगठीही माझी नव्हे. शेवटी सत्याची आण घेऊन ती मुलाला वर फेकते आणि मूल आकाशात तरंगत राहते, तेव्हा राजा त्याला झेलायला हात पसरतो.

या दोन्ही जुन्या कथा सांगणारांना राजाविषयी भ्रम नव्हता, हे आपण लक्षात ठेवू. सत्ताधारी पुरुष एकांतात दिलेला शब्द चारचौघांत नाकारतो, हे त्यांनी पाहिलेले होते. खुणेची वस्तू असली तरी ती नाकारता येते, हेही त्यांनी पाहिलेले होते. म्हणून निवाड्यासाठी त्यांना आकाशवाणी किंवा चमत्कार आणावा लागला. पृथ्वीवर तिच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता.

सुमारे चौथ्या-पाचव्या शतकात कालिदास ही कथा हाती घेतो आणि तिच्यात तीन गोष्टी घालतो: दुर्वासाचा शाप, हरवणारी अंगठी आणि खरीखुरी विस्मृती. विरहाने भान हरपलेल्या शकुंतलेला दारी आलेला दुर्वास दिसत नाही. तो शाप देतो की, जिच्या मनात जो आहे तो हिला विसरेल. प्रियंवदा पाया पडते तेव्हा तो उःशाप देतो की, ओळखीची खूण दिसली की शाप सरेल. सासरी जाताना शचीतीर्थावर अंगठी पाण्यात पडते. दरबारात राजा तिला ओळखत नाही, आणि या वेळी तो खोटे बोलत नसतो.

असा बदल का केला? नाटकाचा नायक धीरोदात्त असला पाहिजे, बायकोला जाणूनबुजून नाकारणारा राजा नायक कसा शोभेल, म्हणून कवीने शाप योजला, असे उत्तर परंपरेने दिले आहे. आम्हीही पुष्कळ वर्षे हेच उत्तर धरून चाललो होतो. फरक इतकाच की परंपरा ज्याला कौशल्य म्हणते त्याला आम्ही सारवासारव म्हणत होतो. राजाश्रयाच्या कवीने राजाला सोडवले, असे आमचे मत होते. ते पुढे बदलावे लागले. ते कसे, हे सांगण्यापूर्वी मधला इतिहास पाहू.

१७८९ साली कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. जोन्स हे तेथील सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. त्यांनी नाटकाच्या नावाला ‘घातक अंगठी’ अशा अर्थाची जोड दिली. १७९१ मध्ये फोर्स्टरने त्यावरून जर्मन भाषांतर केले, आणि त्याच वर्षी गटेने चार ओळींत या नाटकाची अशी स्तुती केली की, ती आजही शाळामास्तर सांगतात. उलट, हिंदुस्थानात कधी पाऊल न टाकता हिंदुस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स मिलने १८१७ साली मत दिले की, असले वनातले प्रेमकाव्य ही समाजाच्या बाल्यावस्थेची खूण आहे. एकाला त्यात स्वर्ग दिसला, दुसऱ्याला पोरवय. दोघांच्याही मतात शकुंतला दरबारात उभी आहे तो पाचवा अंक फारसा नाही. राज्य करू पाहणाऱ्या देशाच्या वाचकाला आणि दूरदेशीच्या कवीला त्या दरबाराशी काही कर्तव्य नव्हते.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात परशुरामपंत गोडबोले आणि कृष्णशास्त्री राजवाडे यांची भाषांतरे निघाली. पण ‘शाकुंतल’ घराघरांत पोचवले ते अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. तो पहिल्या चार अंकांचा होता. म्हणजे त्या रात्री घरी परतलेल्या प्रेक्षकांनी प्रेम पाहिले, शाप ऐकला, कण्वाच्या आश्रमातून मुलीची पाठवणी पाहिली. पण राजाने तिला नाकारलेले पाहिले नाही. पुढे सातही अंक होऊ लागले. तथापि लोकांच्या मनात चौथा अंकच राहिला. संस्कृत रसिकांचाही जुना कौल चौथ्या अंकालाच आहे. यात नवल नाही. ज्या समाजात आठ-दहा वर्षांची पोर सासरी धाडली जात होती, त्या समाजातील प्रत्येक बाप कण्व होता. त्याला स्वतःचे रडणे तेथे सापडले. १९०५ साली मिरजेस बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीच्या रंगभूमीवर प्रथम उभे राहिले तेही शकुंतला म्हणूनच, आणि १९४३ साली शांतारामबापूंनी ‘राजकमल’चा पहिला चित्रपट काढला तोही ‘शकुंतला’च. आपल्या आजोबा-पणजोबांची शकुंतला ही अशी गाणारी आणि सोसणारी शकुंतला होती.

त्याच सुमारास एका मराठी बाईने मात्र निराळा आवाज काढला. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर चाललेला खटला हे त्याचे निमित्त. ते पुस्तक ‘शाकुंतला’वरील टीका नव्हे. पण शास्त्रे, पुराणे आणि तत्कालीन नाटककादंबऱ्या बाईच्या नजरेने वाचल्या तर काय दिसते, हे त्यात प्रथमच दिसले. सारे दोष बायकांचे आणि पुरुष तेवढे निर्दोष कसे, असा तिचा रोखठोक सवाल आहे. स्वतः वाचून, स्वतः रागावून, स्वतः लिहिणारी ही वाचक आमच्या मते मराठीतील पहिल्या मोठ्या टीकाकारांत गणली पाहिजे.

पुढे रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०७ च्या ‘प्राचीन साहित्य’ या संग्रहातील निबंधात एक मर्म दाखवले. पाचव्या अंकाच्या आरंभी पडद्याआडून हंसपदिका नावाची राणी गाणे म्हणते. एका मोहोराचा रस घेऊन भुंगा दुसरीकडे रमला आणि पहिल्याला विसरला, असा त्याचा आशय. राजा हसून म्हणतो की, हिच्यावर मी एकदाच प्रीती केली, म्हणून ही मला टोमणा देते आहे. रवींद्रनाथ म्हणतात की, शापाने जे घडले त्याचे बीज राजाच्या स्वभावातच होते, हे कवीने येथे सुचवले आहे. म्हणजे कालिदासाने राजाला सोडवले म्हणावे, तर आरोपाचा पुरावाही त्यानेच आत ठेवून दिला आहे! यात आम्हां मराठी माणसांना आणखी एक आनंद आहे. संस्कृत नाटकांत स्त्रिया आणि सामान्य जन प्राकृत बोलतात, आणि स्त्रियांची गीते महाराष्ट्री प्राकृतात असतात असा संकेत आहे. तेव्हा राजाच्या विसराळूपणाचा पहिला जाब आमच्या मराठीच्या पूर्वजभाषेत विचारला गेला, असे म्हणायला हरकत नाही. अलीकडे, १९९९ साली, रोमिला थापर यांनी या कथेच्या निरनिराळ्या वाचनांवर एक पुस्तकच लिहिले, आणि महाभारतातील मानी स्त्री पुढच्या काळात कशी नम्र होत गेली ते दाखवले.

आता परभणीकडे वळू. या गावात आम्ही ‘शाकुंतल’ वाचायला बसलो त्याचे एक निमित्त झाले. १९९५ साली परभणीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्ष होते नारायण सुर्वे. जन्मतःच रस्त्यावर टाकलेले हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलले आणि आपले नाव देऊन वाढवले. शकुंतलाही अशीच टाकलेली. मेनका तिला सोडून गेली, शकुंत पक्ष्यांनी तिला राखले आणि कण्वाने आपली म्हटली. ज्याला आईबापांचे नाव ठाऊक नाही असा कामगार साहित्याच्या सर्वोच्च आसनावर बसलेला आमच्या हमाल मंडळींनी याच गावात पाहिला. ज्या मराठवाड्यात निजामाच्या अमदानीत शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती आणि मराठी पुस्तक वाचनालयांनी जपून ठेवले, तेथील माणसाला पुस्तक म्हणजे परक्याची वस्तू वाटणे साहजिक होते. संमेलनानंतर ते परकेपण कमी झाले. मोंढ्याजवळच्या आमच्या कचेरीत आठवड्यातून एक रात्र वाचनाला ठेवली. कापसाचा हंगाम सरला की मंडळी जास्त येत.

एका उन्हाळ्यात ‘शाकुंतल’ घेतले. एक जण वाची, बाकीचे ऐकत. पहिल्या तीन अंकांत चेष्टा-मस्करी फार झाली. चौथ्यात बाया डोळे पुसू लागल्या. पाचव्या अंकापाशी मात्र कोणी घरी जाईना. तेथे जी मते निघाली ती आम्ही त्याच रात्री वहीत लिहून ठेवली होती.

एक तरुण हमाल म्हणाला, “राजा इसरला न्हाई भाऊ. साहेब झाला की समदेच असं करतात. कागद दाखव म्हणतात.”

पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या रुळावर काम केलेले एक काका सहाव्या अंकातील कोळ्यावर अडून बसले. रोहित माशाच्या पोटात ज्याला अंगठी सापडली तो हा गरीब कोळी. तो ती विकायला जातो तर राजाचे शिपाई त्याला चोर म्हणून बांधतात, मारतात, त्याच्या धंद्याची टवाळी करतात, आणि याला सुळावर कधी चढवतो असे त्यांना होऊन जाते. अंगठी ओळखल्यावर राजा तिच्या किमतीइतके बक्षीस देतो. त्यातले अर्धे तो शिपायांना देऊन टाकतो आणि सारे मिळून दारूच्या दुकानात जातात. काका म्हणाले, “राजाची याद कोण परत आणली? या कोळ्यानं. अन् पहिला मार कोणाला? त्यालाच.” खरोखर, दुष्यंत-शकुंतला पुन्हा एकत्र आली याचे श्रेय जर मर्त्य माणसांपैकी कोणाला असेल तर ते या निनावी कोळ्याला आहे. पण चित्रांच्या दुकानात त्याचे चित्र आम्ही कधी पाहिले नाही.

जिनिंगमध्ये रेच्यावर कापूस टाकणारी एक बाई म्हणाली, “त्या दोघी मैत्रिणी गुन्हेगार. शाप तिला पडला अन् तिलाच सांगितला न्हाई. सांगितला असता तर तिनं अंगठी जिवापल्याड जपली नसती का?” या बोलण्याने आम्ही चकित झालो. अनसूया-प्रियंवदांनी हळव्या मनाची सखी घाबरेल म्हणून शाप लपवला, याचे आम्ही कौतुकच करीत आलो होतो. कामगाराला त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याचाच हक्क न सांगणारे पुढारी आम्ही पाहिलेले आहेत. पण त्यांची आठवण आम्हांला येथे झाली नव्हती.

सर्वांत शेवटी एक वयस्क मावशी बोलली. तिचा नवरा मालमोटारीवरून डोक्यावर पडला होता आणि कित्येक महिने तिला ओळखत नव्हता. ती म्हणाली, “इसरणं येगळं अन् वळख न देणं येगळं, भाऊ. माझा माणूस मला ‘कोण बाई तू’ म्हणायचा. मी त्याच्यावर रागावले न्हाई. त्याच्या डोळ्यांतच मी नव्हते. तुमच्या राजाच्या डोळ्यांत ती होती का नव्हती, तेवढं सांगा.”

महाभारतातील राजाच्या डोळ्यांत ती होती. कालिदासाच्या राजाच्या डोळ्यांत ती नव्हती. या एका प्रश्नाने आम्हांला दोन कथांतील भेद समजला. महाभारतात आहे तो गुन्हा. कालिदासाने दाखवले ते दुःख. पण मग दुःख म्हटले की जबाबदारी संपते काय? याचे उत्तर आम्हांला पुस्तकात मिळण्यापूर्वी आमच्याच कचेरीत मिळाले. ते सांगताना संकोच वाटतो, परंतु सांगितले पाहिजे.

पुढे काही वर्षांनी मोंढ्यात मोठा संप झाला. त्याच्या धावपळीत एक बाई दूरच्या खेड्यातून आमच्याकडे आली होती. तिचा नवरा कामावर अपघातात गेला होता. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. त्याखाली दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागे. तिची मुदत भरायला तीन महिने उरले होते. आम्ही तिचे म्हणणे ऐकले, कागद ठेवून घेतले, एका चिठ्ठीवर तारीख घालून स्वहस्ते लिहून दिले की दावा आम्ही लावतो, आणि तिला सांगितले, “बाई, काळजी करू नका, बोलावणे येईल.” संप जिंकला. मिरवणूक निघाली, हार पडले. बोलावणे गेले नाही. सुमारे आठ महिन्यांनी ती लेकराला घेऊन कचेरीच्या दारात उभी राहिली. आम्ही तिला विचारले, “कोण आपण? काय काम आहे?”

आमच्यावर कोणा ऋषीचा शाप नव्हता. आम्ही लबाडीही करीत नव्हतो. आम्ही खरोखर विसरलो होतो. तिने काही न बोलता कनवटीची पिशवी सोडली आणि घडी घालून घालून चिरलेली ती चिठ्ठी टेबलावर ठेवली. अक्षर आमचे होते. तेव्हा सहाव्या अंकात अंगठी पाहताच राजाला काय झाले असेल, ते आम्हांला कोणा पंडिताला विचारावे लागले नाही.

योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याची सोय त्या कायद्यात होती. आम्ही प्रतिज्ञापत्रात कारण लिहिले: अर्जदार बाईचा यात काही दोष नाही, तिने मुदतीत कागद दिले होते, संघटनेचा कार्यकर्ता विसरला, सोबत त्याच्या हातची चिठ्ठी. एका सहकाऱ्याने सुचवले होते की, बाई आजारी होती असे लिहू, संघटनेची अब्रू राहील. ते आम्ही केले नाही. उशीर माफ झाला, दावा चालला, आणि रक्कम मिळाली. पण ती वेळेवर मिळाली असती तर त्या लेकराचे शाळेचे एक वर्ष बुडाले नसते. बाईने आम्हांला शिवी दिली नाही, उपदेश केला नाही. इतकेच म्हणाली, “भाऊ, चिठ्ठी उंदरानं खाल्ली असती तर?”

त्यानंतर सहावा अंक आम्ही पुन्हा वाचला, आणि आधी निसटलेल्या दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही की, राजाला शापाची बातमी सातव्या अंकात, मारीचाच्या आश्रमात कळते. सहाव्या अंकात त्याच्या हाती कसलीही सबब नाही. तो कोणावर ढकलत नाही. अंगठी देताना आपण काय सांगितले ते त्याला आठवते: अंगठीवर कोरलेल्या नावाचे रोज एक अक्षर मोज, अक्षरे संपतील त्या दिवशी तुला नेणारा माणूस येईल. म्हणजे त्याने मुदत घालून वचन दिले होते, आणि मुदत टळली होती. हा दोष तो आपल्याच पदरात घेतो. त्या वर्षीचा वसंतोत्सव तो बंद करतो. आंब्याचा मोहोर खुडणाऱ्या दासींना कंचुकी दटावतो. कालिदासाने राजाला शापाने सोडवले, हे आमचे जुने मत येथे ढासळले. सोडवणूक येण्याआधी कवीने त्याला पुरता एक अंक बिनसबबीचा उभा केला आहे.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. त्याच अंकात प्रधानाकडून कागद येतो की, धनमित्र नावाचा समुद्रव्यापारी गलबत बुडून मेला, त्याला मूल नाही, तेव्हा त्याचे धन सरकारजमा व्हावे. पूर्वीचा राजा असता तर होय म्हणून मोकळा झाला असता. हा राजा थांबतो. त्याच्या बायकांपैकी कोणी गरोदर आहे काय, चौकशी करा, म्हणतो. एक आहे असे कळते. राजा हुकूम देतो की, गर्भातील मूलच बापाच्या धनाचा वारस. आणि तेथेच न थांबता तो दवंडी पिटवतो की, प्रजेपैकी ज्याचा जो आप्त जाईल, त्याच्या जागी, पापाचा संबंध सोडून, दुष्यंत आहे असे समजावे. स्वतःच्या गरोदर बायकोला ज्याने दारातून परत पाठवले, तो आता दुसऱ्याच्या गरोदर बायकोचा हक्क शोधून काढतो. आमच्या समजुतीप्रमाणे दुष्यंताची क्षमा येथे सुरू होते. मारीच पुढे जे सांगतो ते नंतरचे. रडणे पुष्कळ राजांना येते. ज्या व्यवस्थेमुळे चूक झाली ती व्यवस्था बदलणे थोड्यांना सुचते.

तेव्हा वाचकांच्या मतांचा हा इतिहास पाहून आम्हांला जे दिसते ते असे. बापाच्या जागी बसून वाचणाऱ्याने चौथा अंक थोर ठरवला. दुरून पाहणाऱ्याने वन आणि फुले पाहिली. बाईने जाब विचारला. हमालाने, रुळावरच्या माणसाने कोळी पाहिला. यांपैकी एकाचे मत खरे आणि बाकीच्यांचे खोटे असे नाही. पण ज्यांना ही कथा इतकी वर्षे वाचायलाच मिळाली नव्हती, त्यांची मते मिळाल्यावाचून निवाडा पुरा होत नव्हता. माणूस विसरतो, हे खरे. म्हणूनच दुबळ्याचा हक्क बलवानाच्या आठवणीवर सोडता कामा नये. जातकातल्या सरपणवालीपाशी खूण होती, पण साक्षीदार नव्हते. महाभारतातल्या शकुंतलेपाशी खूणही नव्हती. कालिदासाच्या शकुंतलेची खूण पाण्यात गेली. हजेरीपट, पगाराची पावती, साक्षीदाराची सही आणि चार माणसांची संघटना या गोष्टी काव्यात शोभत नसतील, पण आकाशवाणीची वाट पाहण्याची पाळी येऊ नये म्हणूनच त्या माणसांनी निर्माण केल्या आहेत.

आमच्या कचेरीत आता एक जाड वही असते. कोण आले, काय मागितले, आम्ही काय कबूल केले, कोणत्या तारखेपर्यंत, हे तीत लिहिले जाते आणि दर सोमवारी मोठ्याने वाचले जाते. वाचणारे आम्ही नसतो. ते काम रेच्यावरच्या त्या बाईकडे आहे. ज्याचे त्याला न सांगणे तिला खपत नाही, हे आपण ऐकलेच आहे.

मंडळींना विनंती इतकीच की, घरी गेल्यावर ‘शाकुंतला’चे कोणतेही भाषांतर काढून सहावा अंक एकदा वाचावा, आणि शक्य तर घरातल्या बायामाणसांत बसून मोठ्याने वाचावा. राजाला माफ करायचे की नाही, ते मग ज्याचे त्याने ठरवावे.